चाखणे आणि साक्ष देणे : जुन्या पोर्टच्या निमित्ताने

समीक्षेच्या परिभाषेतील रस, रुची, आस्वाद, चर्वणा हे शब्द जिभेच्या व्यवहारातून आलेले आहेत, याचा उल्लेख वारंवार होतो. मात्र ही उसनवारी एकदा मान्य केल्यानंतर मूळ व्यवहाराकडे पुन्हा वळून पाहण्याची गरज समीक्षेला सहसा वाटत नाही. साहित्याचा आस्वाद जिभेच्या आस्वादाहून वरच्या प्रतीचा, तेव्हा जिभेकडून शिकण्यासारखे आता काही उरलेले नाही, असे जणू गृहीत धरले जाते. या गृहीताची परीक्षा घ्यावयाची तर रोजच्या जेवणाचे उदाहरण पुरत नाही. रोजच्या अन्नाविषयी मतभेद झाला तर तेच अन्न पुन्हा शिजवता येते, दुसऱ्याच्या पानात वाढता येते आणि वाद निकालात काढता येतो. खरी अडचण उभी राहते ती जे एकदाच चाखता येते आणि चाखण्यातच संपते अशा वस्तूच्या बाबतीत. साठ, सत्तर वा नव्वद वर्षे बाटलीत राहिलेले 'व्हिंटेज पोर्ट' ही अशी वस्तू आहे. ती बाटली उघडून चाखणारा मनुष्य जेव्हा 'हे श्रेष्ठ आहे' किंवा 'यात आता काही उरलेले नाही' असे म्हणतो, तेव्हा त्या विधानाचे स्वरूप काय असते आणि ते करताना त्याच्यावर कोणती नैतिक जबाबदारी येते, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. गोव्यात 'पोर्ट' या नावाने विकले जाणारे स्वस्त, गोड मद्य महाराष्ट्रातील अनेकांना ऐकून तरी माहीत असते. येथे अभिप्रेत असलेली वस्तू त्याहून पुष्कळ वेगळी आहे. पोर्तुगालच्या उत्तरेस दोरो नदीच्या खोऱ्यात, खडकाळ उतारांवर, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या आधाराने द्राक्षवेली लावल्या जातात. या प्रदेशाची हद्द १७५६ साली, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या कारभारात, कायद्याने आखली गेली. द्राक्षे दगडी हौदांत पायांनी तुडवली जात; काही मळ्यांत अद्यापही जातात. रस आंबू लागल्यावर दोन-तीन दिवसांतच त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्क असलेले द्राक्षांचेच ऊर्ध्वपातित मद्य मिसळले जाते. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, साखरेचा मोठा भाग तसाच राहतो आणि तयार मद्यात मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास येते. ज्या वर्षी पीक असाधारण उतरते त्याच वर्षी उत्पादक 'व्हिंटेज' जाहीर करतात. दहा वर्षांत साधारणतः तीनदा. हे मद्य सुमारे दोन वर्षे लाकडी पिंपात राहते आणि नंतरचे सारे आयुष्य बाटलीत, अंधाऱ्या तळघरात, आडवे पडून काढते.

बाटलीत घडते ते असे. रंगद्रव्ये आणि तुरटपणा देणारी टॅनिन एकमेकांशी जोडली जाऊन जड होतात आणि गाळ होऊन बाटलीच्या कडेला बसतात. काळपट जांभळा रंग विटकरी होतो आणि अखेरीस पिंगट. कोवळेपणीची धग व तुरटपणा ओसरतो. जुनेपणी या मद्यात जे जाणवते ते पुष्कळ अंशी त्यातून काही निघून गेल्यामुळे जाणवते. फार जुन्या बाटलीचे बूच इतके ठिसूळ होते की ते काढता येत नाही. अशा वेळी तापवलेल्या चिमट्याने बाटलीची मान धरतात, मग तेथे थंड ओले फडके लावतात आणि मानच मोडून घेतात. बाटलीमागे दिवा ठेवून, गाळ मागे राहील अशा बेताने, मद्य काचेच्या सुरईत ओततात. हवा लागल्यानंतर अतिजुने पोर्ट काही तासांतच उतरू लागते. ज्यांनी त्या संध्याकाळी ते चाखले त्यांच्याखेरीज त्या बाटलीविषयी बोलण्याचा अधिकार यानंतर कोणालाही उरत नाही.

त्याच सालाच्या दुसऱ्या बाटल्या असतात, हे खरे. पण ऐंशी-नव्वद वर्षांनंतर दोन बाटल्या सारख्या राहत नाहीत. एकीचे बूच घट्ट राहिलेले असते, दुसरीचे सुकलेले; एक त्याच तळघरात पडून असते, दुसरी तीन देश फिरून आलेली असते. आरंभी एका पिंपातून भरलेल्या या बाटल्या कालांतराने परस्परांपासून दुरावलेल्या व्यक्ती होतात. म्हणून अमुक सालचे पोर्ट 'असे आहे' हे विधान काटेकोरपणे पाहता कोणी करू शकत नाही. 'ही बाटली त्या वेळी अशी होती' एवढेच म्हणता येते.

रुचीच्या तत्त्वज्ञानात मद्याचे उदाहरण नवे नाही. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या रुचीच्या निकषावरील निबंधात सर्व्हांतिसच्या 'दोन किखोते' या कादंबरीतील सांचो पांझाची एक गोष्ट वापरली आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातील मद्याची परीक्षा करावयास सांगितले जाते. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामे झाल्यावर मात्र तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली जुनी किल्ली सापडते. रुचीची सूक्ष्मता ही केवळ मिजास नाही, तिला वस्तूत आधार असतो, हे ह्यूमला या गोष्टीतून दाखवायचे आहे. चांगल्या परीक्षकाची त्याने सांगितलेली लक्षणेही (इंद्रियाची सूक्ष्मता, सराव, तुलनेची सवय, पूर्वग्रहापासून मुक्तता आणि सारासार बुद्धी) याच धारणेवर उभी आहेत.

या गोष्टीतील एका तपशिलाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. किल्ली सापडते ती पिंप रिकामे झाल्यावर. परीक्षकांचे म्हणणे सिद्ध होते तेव्हा ज्याची परीक्षा केली ते मद्य उरलेले नसते. जे हसले होते त्यांना पुन्हा एक घोट घेऊन 'होय, आता लागते खरी चव' असे म्हणण्याची संधी नसते. शिवाय किल्लीने सिद्ध होते ते चामड्याचे आणि लोखंडाचे; 'मद्य उत्तम आहे' हा दोघांच्याही निर्णयाचा मुख्य भाग सिद्ध करणारी कोणतीही वस्तू पिंपाच्या तळाशी नव्हती. जुन्या पोर्टच्या बाटलीच्या तळाशी तर गाळाखेरीज काहीच सापडत नाही.

कांटने १७९० साली दुसऱ्या टोकाची भूमिका घेतली. मद्य आवडते असे म्हणणाऱ्याने 'मला आवडते' एवढेच म्हणावे. सौंदर्याचा निर्णय करणारा मात्र सर्वांच्या संमतीची अपेक्षा धरतो. जिभेचे सुख आणि सौंदर्यनिर्णय यांच्यातील ही भिंत मराठी सौंदर्यविचारातही दीर्घकाळ चर्चिली गेली आहे, रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथानंतर तर तिची ओळख नव्याने करून देण्याची गरज राहिलेली नाही. परंतु जुने पोर्ट चाखणारा माणूस 'मला सुख झाले' एवढे सांगून थांबत नाही. ते कसे होते, कोणत्या अवस्थेत होते, त्याचा तोल टिकून होता की ढळला होता, हे तो सांगतो आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानावे अशी अपेक्षा धरतो. कांटच्या वर्गीकरणात हे विधान धड कोठेच बसत नाही. ते खासगी सुखाचे निवेदन नाही, कारण ते वस्तूविषयी आहे. आणि सर्वांनी पडताळून पाहावा असा निर्णयही नाही, कारण पडताळण्यासाठी वस्तू शिल्लक नाही. अशा विधानाला योग्य नाव साक्ष हेच आहे.

हे नाव दिले की प्रश्नाचे स्वरूप बदलते. भारतीय रसविचाराने या बदलाची पूर्वतयारी करून ठेवलेली आहे. भरताने रसाची कल्पना समजावताना नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा दाखला घेतला. अभिनवगुप्ताने अनेक द्रव्यांच्या मिश्रणातून सिद्ध होणाऱ्या पानकाचा. अभिनवगुप्ताच्या मते रसाचे अस्तित्व चर्वणेपुरतेच असते. चर्वणेच्या आधी तो तयार ठेवलेला नसतो आणि नंतर शिल्लक राहत नाही. साहित्याच्या बाबतीत ही गोष्ट पचायला जड जात नाही, कारण रस संपला तरी संहिता राहते. एका वाचकाची चर्वणा दुसऱ्याला तपासता येत नसली तरी संहिता दोघांपुढेही असते, आणि समीक्षकाने भलते काही सांगितले तर वाचक पुस्तक उघडून त्याला अडवू शकतो. समीक्षेचे धाडस बरेचसे या सोयीवर पोसलेले आहे. जुन्या बाटलीच्या बाबतीत चर्वणा आणि संहिता एकाच वेळी संपतात.

मराठी रसिकाला ही परिस्थिती एका वेगळ्या क्षेत्रातून परिचित आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचे गाणे थोर होते असे आज जे मानले जाते ते ऐकणाऱ्यांच्या आणि शिष्यांच्या साक्षीवर. ही साक्ष खोटी मानण्याचे कोणतेही कारण नाही. परंतु ती साक्ष आहे हे विसरून 'भास्करबुवांचे गाणे थोर होते' हे वाक्य स्वतःच्या निर्णयासारखे उच्चारणे योग्य होणार नाही. येथे उधार घेतलेले मत आणि अनुभवाने मिळवलेले मत यांत फरक करण्याचा प्रामाणिकपणा लागतो. साक्ष देणाऱ्याकडून तर त्याहून अधिक काही लागते. त्याला कोणी खोडून काढू शकत नाही, आणि नेमक्या याच कारणाने त्याच्यावरील बंधन कडक होते.

हे बंधन कशाचे? जिभेवर खरोखर काय आले आणि मनात आधीपासून काय होते, यांचा हिशेब वेगळा ठेवण्याचे. हे दिसते त्याहून कठीण आहे. बोर्दो येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला गंधहीन रंग घालून लाल केले, आणि ५४ परीक्षकांनी तिच्या गंधाचे वर्णन लाल वाइनला लावल्या जाणाऱ्या शब्दांत केले. ते खोटे बोलत नव्हते. डोळ्यांनी पाहिलेले त्यांना नाकाने अनुभवल्यासारखे वाटले होते. साध्या रंगाचा एवढा प्रभाव पडत असेल तर बाटलीवरील सालाचा किती पडेल, याची कल्पना करता येते.

या संदर्भात 'किंता दो नोव्हाल' या मळ्याच्या १९३१ सालच्या 'नासियोनाल' पोर्टचे उदाहरण बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने दोरो खोऱ्यातील वेली मुळांपासून नष्ट केल्या. त्यानंतर तेथेही अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून लागवड होऊ लागली. नोव्हालमधील एका लहानशा तुकड्यात मात्र १९२० च्या दशकात कलम न करता, स्वतःच्याच मुळांवर वेली लावल्या गेल्या; 'नासियोनाल' हे नाव त्यावरून पडले. १९३१ चे पीक उत्तम होते, तरी बहुतेक निर्यातदारांनी त्या साली व्हिंटेज जाहीर केले नाही. जागतिक मंदी होती, आणि १९२७ च्या मालाने व्यापाऱ्यांची तळघरे भरलेली होती. नोव्हालने मात्र ते जाहीर केले. आज हे पोर्ट विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेल्या मद्यांत गणले जाते. ज्याच्या पुढ्यात त्याचा पेला येतो त्याच्या मनात नष्ट झालेल्या वेली, मंदी, इतरांचे मौन आणि बाटल्यांची दुर्मीळता हे सारे पेल्याच्या आधी येऊन बसलेले असते. जुन्या वेलींपासूनच थोर मद्य होते अशी एक समजूत आहे. या मद्यामागच्या वेली तेव्हा अगदी तरुण होत्या, हे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नाही.

यावर एक सरळ उपाय सुचवला जातो, तो म्हणजे नाव व साल झाकून चाखणे. ज्ञान काढून टाका म्हणजे शुद्ध चव उरेल, असा त्यामागील विचार. साहित्यसमीक्षेतही कवीचे नाव आणि काळ झाकून कविता वाचायला देण्याचा प्रयोग आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये केला, आणि १९२९ साली त्याचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगाचे मोल मोठे आहे. पण तो अंतिम आदर्श होऊ शकत नाही. मंदीच्या वर्षी भरलेले आणि इतका काळ टिकून राहिलेले मद्य आपण पीत आहोत हे ज्ञान अनुभवाला खोटे करत नाही, त्याला अर्थ देते. तुकारामाची गाथा सतराव्या शतकातली आहे हे माहीत असण्याने अभंग बिघडत नाही तसेच हे. ज्ञान अनुभवात यावे, परंतु साक्षीत त्याची नोंद वेगळी असावी. 'हे मला हलवून गेले' या वाक्यातील किती भाग जिभेचा आणि किती सालाचा, हे सांगण्याचा प्रयत्न साक्षीदाराने केला पाहिजे. पोर्तो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांनी १७९० साली पूर्ण केलेल्या आपल्या भवनात लागून दोन भोजनगृहे ठेवली आहेत. एकात जेवण होते. मग मंडळी उठून दुसऱ्यात जातात आणि तेथे पोर्ट घेतात, जेणेकरून अन्नाचा वास मद्यात मिसळू नये. अन्नाचा वास असा दाराआड ठेवता येतो. सालाचा प्रभाव दुसऱ्या दालनातही बरोबर येतो, आणि त्याला वेगळे काढण्याचे काम भिंतीवर सोपवता येत नाही.

हिशेब वेगळे न ठेवण्याचा परिणाम अलीकडे एका खटल्यात दिसला. रूडी कुर्नियावान याने आपल्या घरात साधी मद्ये मिसळून जुन्या, दुर्मीळ फ्रेंच मद्यांच्या बनावट बाटल्या तयार केल्या आणि जाणकारांना विकल्या. २०१३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, २०१४ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. या फसवणुकीला प्रथम उघड धक्का बसला तो कोणाच्या जिभेमुळे नव्हे. २००८ साली लिलावात आलेल्या काही बाटल्यांवर अशी साले होती की त्या साली संबंधित घराण्याने ते मद्य काढलेच नव्हते, हे त्या घराण्याच्या प्रमुखाने दाखवून दिले. लेबलाची चूक कागदाने पकडली. या प्रकरणात जाणकारांची जीभ अजिबात निकामी ठरली असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण काहींना संशय आला होता. परंतु ज्यांनी भरभरून स्तुती केली त्यांनी कशाची साक्ष दिली? बहुधा आपल्या अपेक्षेची.

साहित्यसमीक्षा आणि मद्यपरीक्षा ही दोन्ही कामे गंभीरपणे करणारा एक लेखक इंग्रजीत होऊन गेला. जॉर्ज सेंट्सबरी १८९५ ते १९१५ या काळात एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक होता. युरोपातील समीक्षेचा आणि साहित्यिक रुचीचा त्याने लिहिलेला त्रिखंडात्मक इतिहास १९०० ते १९०४ च्या दरम्यान प्रसिद्ध झाला. १९२० साली त्याचे तळघरातील मद्यांविषयीच्या टिपणांचे पुस्तक निघाले. त्यात पोर्टला मानाचे स्थान आहे. अनेक वर्षे ठेवलेल्या एका नोंदवहीवर ते आधारलेले होते, आणि ते लिहिले गेले तेव्हा तळघर उरलेले नव्हते. इतिहासात तो ज्या ग्रंथांविषयी लिहितो ते आजही ग्रंथालयात काढून पाहता येतात आणि त्याचे निर्णय चुकीचे ठरवता येतात. तसे ते अनेकांनी ठरवलेही आहेत. टिपणांतील बाटल्यांविषयी त्याला कोणी खोडू शकत नाही. एकाच माणसाच्या लेखनात निर्णय आणि साक्ष अशा शेजारी-शेजारी दिसतात. टिपणांच्या पुस्तकावर वाचक विश्वास ठेवतो तो त्याच्या अधिकारामुळे तितकासा नाही. कोणते मद्य किती घेतले, केव्हा संपले, कोणते निराश करून गेले, याचा हिशेब मुळात ठेवलेला होता म्हणून ठेवतो. निराशेची नोंद करणाऱ्याच्या स्तुतीलाच साक्षीचे मोल येते.

येथून मूळ नैतिक प्रश्नाकडे परत येता येते. जुन्या बाटलीपुढे बसलेल्या माणसाला सर्वांत मोठा मोह होतो तो वयाला दिलेला मान चवीच्या नावावर मांडण्याचा. 'जुने ते सोने' ही म्हण या मोहाचेच सुभाषित आहे. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत याच मोहाला उत्तर दिले. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांसारख्या कीर्तिमंतांना सोडून नव्या कवीचे नाटक का, या प्रश्नावर सूत्रधार सांगतो की काव्य जुने म्हणून चांगले ठरत नाही आणि नवे म्हणून वाईट ठरत नाही. शहाणे पारखून निवड करतात, मूढ दुसऱ्याच्या मतावर चालतात. यातील विरोधाभास असा की सौमिल्ल आणि कविपुत्र यांची नाटके आज उपलब्ध नाहीत. त्यांना कीर्ती होती एवढी साक्ष उरली आहे, आणि ती देणारा त्यांचा प्रतिस्पर्धीच आहे. प्रतिस्पर्ध्याने दिल्यामुळे ती अधिक विश्वसनीय वाटते.

वयाला मान देऊ नये असा याचा अर्थ नाही. दोरोच्या उतारावर बांध रचणारे, हौदात उभे राहून द्राक्षे तुडवणारे, बाटल्या भरून त्यांवर वरची बाजू कळावी म्हणून चुन्याचा ठिपका देणारे, या साऱ्यांनी जे तयार केले त्याची ऐन भरातली चव त्यांच्यापैकी बहुतेकांना कधीच मिळणार नव्हती. इंग्रज घराण्यांत मुलाच्या जन्मसालचे पोर्ट घेऊन तळघरात ठेवण्याची चाल होती. ठेवणारा बाप मुलाच्या प्रौढपणी असेलच असे नसे. अशा रीतीने जुनी बाटली ही अनोळखी माणसाच्या हाती आलेली ठेव असते. तिच्याविषयी कृतज्ञता वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती व्यक्तही करावी. परंतु कृतज्ञतेने चवीचा निर्णय विकत घेऊ नये. बाटलीत केवळ मद्यार्काची धग आणि करपट गोडी उरली असेल तर तसे सांगणे हा मृतांचा अपमान नाही. त्यांनी पाठवलेली वस्तू वाटेत मेली, एवढेच त्यात नमूद होते. उलट, मेलेल्याला जिवंत म्हणणारा पुढच्या प्रत्येक स्तुतीचे मोल कमी करतो. जी खरोखर जिवंत होती त्या बाटलीचीही साक्ष मग कोणी मानत नाही.

मग उघडूच नये काय? न उघडलेली बाटली निर्णयापासून सुरक्षित राहते, पण मद्य सुरक्षित राहत नाही. बूच सुकत जाते, पातळी खाली येते, आणि एके दिवशी आत काही उरत नाही. जपून ठेवणे हाही संपवण्याचाच एक सावकाश प्रकार आहे. वाङ्मयातील अभिजात ग्रंथांची स्थिती काही अंशी अशी असते. ते न वाचता वंदनीय मानले जातात. या वंदनाने त्यांची मुद्रित प्रत टिकते, चर्वणा टिकत नाही. ग्रंथाच्या बाबतीत एवढी सवड असते की दुसरा वाचक ती पुन्हा सुरू करू शकतो. बाटलीच्या बाबतीत ही सवड नाही, म्हणून प्रश्न तेथे अधिक उघडा दिसतो.

समीक्षेने जिभेकडून शब्द घेतले तेव्हा त्यांबरोबर हे बंधनही घ्यावयास हवे होते. संहिता सर्वांपुढे आहे या भरवशावर समीक्षक आपली चर्वणा प्रत्यक्षात किती झाली याचा हिशेब देण्याचे टाळू शकतो. परंपरेने थोर ठरवलेल्या ग्रंथाविषयी परंपरेचेच वाक्य स्वतःच्या अनुभवाच्या सुरात म्हणू शकतो. त्याला कोणी पकडेल ही शक्यताही प्रत्यक्षात थोडीच असते, कारण बहुसंख्य वाचक तो ग्रंथ उघडणार नसतात. समीक्षकाचा शब्द हाच त्यांच्यापुरता त्या ग्रंथाचा शेवटचा घोट असतो. ज्यांच्या वाट्याला पेला येणार नाही त्यांच्या वतीने चाखण्याचे काम अशा रीतीने त्याच्याकडेही येते. ते करताना काय लागले, काय लागले नाही आणि काय लागावे असे केवळ वाटत होते, हे तीन वेगळ्या रकान्यांत लिहिण्याची सवय त्याला असेल, तर त्याचा निर्णय उद्या चुकीचा ठरला तरी त्याची साक्ष उपयोगी राहील.